निळ्या जमिनीवरची लाल शिंगं

झूराकान : उतरव म्हटलं ना! शिडी कुठाय तुझी? नसेल तर मी बाकावर चढते.

कादिर्कुल : झूराकान वहिनी, अहो गुडघे सांभाळा! उद्या सकाळी उद्घाटन आहे. नारीनहून पाहुणे येणार, बिश्केकहून त्या प्रदर्शनवाल्या बाई येणार. सगळं दोरी लावून सरळ टांगलंय मी. हा एक काढला तर भिंत उघडी पडेल.

झूराकान : पडू दे. चोरीचा माल टांगण्यापेक्षा उघडी भिंत बरी.

कादिर्कुल : हळू बोला हो. चोरीचा कसला? नासिपाचा शिर्दाक आहे हा. तुमच्या जावेचा. मी स्वतः तिच्या अंगणातून खांद्यावर टाकून आणला. खाली चिठ्ठी लावलीय बघा.

झूराकान : चष्मा घरी राहिला. वाच तूच.

कादिर्कुल : 'नासिपा. स्वयंशिक्षित लोककलाकार. शिर्दाक: नक्षीदार गालिचा. लोकर दाबून केलेला नमदा, हातशिलाई.'

झूराकान : स्वयं काय?

कादिर्कुल : स्वयंशिक्षित. म्हणजे आपलं आपण शिकलेली. सगळ्यांच्याच चिठ्ठीवर तसं आहे. गावाच्या या दालनात शाळेबिळेत न शिकलेल्यांचीच कला ठेवायची, असं ठरलंय. ती पत्र्यावर रंगवलेली घोडी बघा, आपल्या साग्यनबाय मेंढपाळाची. तोही स्वयंशिक्षित.

झूराकान : ते दिसतंय. एका घोडीला पाच पाय आहेत. पण ही बया आपलं आपण शिकली होय? लग्न होऊन आली तेव्हा हिला सुई कुठल्या बाजूनं ओवायची ते माहीत नव्हतं. माझ्या चुलीशी बसून शिकली. आणि कापायला तर आजपर्यंत येत नाही तिला.

कादिर्कुल : आता मी काय सांगू? मी जन्मभर याच हॉलमध्ये सिनेमाची मशीन चालवली. मशीन गेली, आता भिंती सांभाळतो. नमद्यातलं मला काय कळणार?

झूराकान : तुझी आई शिर्दाक करायची आणि तुला कळत नाही? लाल नमद्यावर निळा नमदा ठेवायचा, खडूनं शिंगांची नक्षी काढायची, एकाच सुरीनं दोन्ही कापायचे. निळ्यातली शिंगं लालात बसवायची, लालातली निळ्यात. एका कापणीतून दोन निघतात. जुळी भावंडं. बरोबर?

कादिर्कुल : बरोबर.

झूराकान : आमची सासू होती तेव्हा आम्ही दोघींनी मिळून एकच जोडी केली. कापली मी, शिवली हिनं. लाल जमिनीचा हिच्या वाट्याला, निळ्या जमिनीचा माझ्या. हिचा कुठे गेला?

कादिर्कुल : धुराड्याला आग लागली तेव्हा जळाला. मीच बादल्या वाहिल्या की.

झूराकान : आणि माझा?

कादिर्कुल : तुमचा... तुमच्या लेकीच्या, आयजमालच्या लग्नात आंदण म्हणून तालासला गेला ना? उंटावर लादावं तसं त्या गाडीवर लादलं होतं सगळं.

झूराकान : मग हा निळ्या जमिनीचा इथे कुठून उगवला? बोल आता.

कादिर्कुल : वहिनी, खरं सांगू का? मलाही जरा चमत्कारिक वाटलं होतं. मी गेलो तेव्हा नासिपा याला कुंपणावर टाकून काठीनं झटकत होती. मी म्हटलं, अहाहा, कुणाचा हा? तर ती काठी मारतच राहिली. मग म्हणाली, माझाच. मी म्हटलं, प्रदर्शनाला दे. तर नको नको करायला लागली. मी हट्टच धरला तेव्हा दिला. आणि नेहमी चहाला आत बोलावते, त्या दिवशी दार ओढून घेऊन उभी.

झूराकान : दार ओढून?

कादिर्कुल : आतून लहान पोर रडल्याचा आवाज आला. मी विचारलं, कोण आलंय? तर म्हणाली, कोकरू आहे.

झूराकान : कोकरू! मेंढ्या वसंतात वितात, कादिर्कुल. आता गवत कापून झालं, बर्फ तोंडावर आलं, आणि हिच्या मेंढ्यांना आत्ता सुचलं? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. परवा पुलावरून येताना मी बघितलंय, हिच्या पायरीवर लहान पोराचे बूट वाळत होते. हिची नातवंडं तर रशियात आहेत.

कादिर्कुल : मग तुम्हाला काय वाटतं?

झूराकान : मला वाटतं, शहरातली कुणी गरजू बाई लेकरासकट आणून ठेवलीय. तिच्याकडून जुन्या नक्षीच्या नकला करून घेते आणि आपल्या नावावर खपवते. आजकाल पर्यटकांना काय, जुनं दिसलं की झालं. माझी नक्षी! माझ्या हाताची!

नासिपा : कादिर्कुल भावजी, हे तळलेले बोर्सोक कुठे ठेवू? गरम आहेत अजून, झाकून ठेवा, नाहीतर... अगबाई. जाऊबाई? तुम्ही तर उद्या येणार होता.

झूराकान : उद्या आले असते तर बरं झालं असतं, नाही? ये. तुझीच कीर्ती ऐकत होते. चेहरा का पडला गं?

नासिपा : चढ चढून आले. टोपली जड आहे.

झूराकान : ठेव खाली. आणि इकडे ये, या शिर्दाकासमोर. हा कुणी केला?

नासिपा : मी. या उन्हाळ्यात. वर कुरणावर वेळच वेळ असतो.

झूराकान : छान केलास. नजर लागेल. मग याचं जुळं कुठाय?

नासिपा : काय?

झूराकान : जुळं गं. लाल जमिनीवर निळी शिंगं. निळा कापलास तर खाली लाल असणारच. का एकच नमदा कापायची नवी रीत निघालीय?

नासिपा : ते... अर्धवट आहे अजून.

झूराकान : मग आण की. बघू दे तरी.

नासिपा : दिला मी तो.

झूराकान : अर्धवट आहे की दिला? एक काय ते ठरव, आम्ही थांबतो.

नासिपा : अर्धवटच दिला. माहेरच्या एका बाईला. ती पुरा करून घेणार होती.

झूराकान : ऐकलंस, कादिर्कुल? अर्धवट शिर्दाक देतात म्हणे माहेरी. अर्धी पोळी वाढावी तसा. खोटं बोलायला पण अंगात कला लागते, नासिपा, आणि तीही तू स्वतःची स्वतः शिकलेली दिसत नाहीस.

नासिपा : तुम्हाला काय म्हणायचंय ते एकदा सरळ म्हणा.

झूराकान : म्हणते ना. आधी मला वाटलं, ही नक्कल आहे. आता जवळून बघते तर... कादिर्कुल, दिवा लाव तो. हां. हा उजवा कोपरा बघ. हे शिंग. टोक दिसतंय? तुटकं आहे, त्यावर पिवळा ठिपका शिवलाय.

कादिर्कुल : हो, आहे खरा.

झूराकान : मी कापत होते आणि आयजमालच्या वेळची पहिली कळ आली. सुरी सरकली. सासू म्हणाली, सोड ते, पोर आधी. मूल झालं, चाळीस दिवस झाले, मग मी येऊन तो तुकडा झाकला. जुनं शिंग फेकू दिलं नाही मी. माझी पोर त्याच शिंगाबरोबर या जगात आली. याची नक्कल कोण करणार? ही नक्कल नाही. हा माझाच आहे. तालासला माझ्या मुलीच्या घरात असायला हवा तो.

नासिपा : जाऊबाई...

झूराकान : वसंतात तू तालासला गेली होतीस. तुझ्या भाचीच्या लग्नाला. आयजमालकडे दोन रात्री राहिलीस. आल्यावर मी विचारलं, पोर कशी आहे? तू म्हणालीस, बरी आहे. एवढंच. एरवी तुझ्या जिभेला हाड नसतं, आणि त्या दिवशी दोन शब्द. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. गोडगोड बोलून काढून घेतलास ना माझ्या साध्या पोरीकडून?

नासिपा : मी असं करीन असं वाटतं तुम्हाला? इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो आपण.

झूराकान : म्हणून तर वाटतं. परक्याला कशाला संधी मिळतेय! तुझा जळाला तेव्हापासून माझ्या शिर्दाकावर तुझा डोळा होता. शिवलाय मी, शिवलाय मी, म्हणून गावभर सांगत फिरायचीस.

नासिपा : शिवला मीच होता! अख्खा हिवाळा गेला. तुम्ही दोन दिवसांत कापून मोकळ्या झालात आणि पाळण्याशी जाऊन बसलात. माझी बोटं रक्तानं भरायची. पण कुणी विचारलं की उत्तर एकच, झूराकानची सुरी, झूराकानची सुरी!

झूराकान : म्हणून आता सूड उगवलास. खाली आपलं नाव, माझं कुठेच नाही. उद्या पाहुणे येऊन तुला टाळ्या वाजवतील. आणि मी मागे उभी राहून बोर्सोक वाटू?

कादिर्कुल : वहिनी, दोघींचं नाव लिहू या का? कागद भरपूर आहे माझ्याकडे.

झूराकान : तू गप. मी आयजमाललाच फोन लावते. तिच्याच तोंडून ऐकू दे सगळ्यांना.

नासिपा : आत्ता नका लावू. ती कामात असेल.

झूराकान : तुला काय ठाऊक ती कामात आहे ते?

नासिपा : नाही म्हणजे... तालासला या वेळेला फोन लागत नाही.

झूराकान : चोराच्या मनात चांदणं. लागतो की नाही बघूच. हा बघ, वाजतोय. वाजतोय... कादिर्कुल, तुझा फोन वाजतोय का?

कादिर्कुल : माझा नाही हो. माझा बंद पडलाय.

झूराकान : मग कुठून येतोय हा आवाज? नासिपा. तुझ्या खिशात काय वाजतंय?

नासिपा : ठेवा तो फोन, जाऊबाई. ठेवा आधी.

झूराकान : काढ बाहेर. काढ म्हणते ना! हा... हा आयजमालचा फोन. हे लाल फूल मीच चिकटवलं होतं मागे. तिचा फोन तुझ्याकडे कसा? माझी पोर कुठाय? नासिपा, माझी पोर जिवंत आहे ना?

नासिपा : आहे, आहे. बसा. आहे ती. भावजी, जरा चहाचं बघता का?

(कादिर्कुल केटली उचलून बाहेर जातो. केटली काठोकाठ भरलेली आहे, पण अशा वेळी ते बोलून दाखवायचं नसतं, एवढं या गावात सगळ्यांना कळतं.)

झूराकान : सांग.

नासिपा : माझ्याकडे आहे ती. नदीपलीकडे, माझ्या मागच्या खोलीत. तिची छोटी नुरायीमही आहे. उन्हाळाभर दोघी माझ्या तंबूत होत्या, वर. तुमच्या गुडघ्यांमुळे तुम्ही वर येत नाही, म्हणून कळलं नाही. आता थंडी पडली, खाली उतरलो, आणि लपवायचं कुठे तेच कळेना मला.

झूराकान : उन्हाळाभर? आणि मी दर शुक्रवारी तिला फोन करते. बरी आहेस ना, म्हणते. बरी आहे, म्हणते ती.

नासिपा : तेव्हा माझ्याशेजारीच बसलेली असते. एरवी फोन मीच खिशात ठेवते. तिचा नवरा दिवसभर लावत असतो. वाजला की पोर उठून दाराला कडी घालते.

झूराकान : जावई?

नासिपा : हात उगारतो तो. उगारतो काय, मारतो. वसंतात गेले तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, आईला विचारते. तिनं तुम्हाला फोन केला होता, आठवतंय? तुम्ही काय म्हणालात तिला?

झूराकान : तिनं सांगितलं तुला?

नासिपा : सांगितलं.

झूराकान : दगड पडतो तिथेच जड होतो, दिल्या घरीच राहा, म्हणाले. माझी आई मला तेच म्हणाली होती. तुझी तुला. सगळ्याच आया म्हणतात. मला वाटलं, सगळ्यांसारखी कुरकुर असेल, सासूचं काहीतरी, दुधाचं काहीतरी. मारतो असं नाही म्हणाली ती.

नासिपा : म्हणायच्या आधीच तुम्ही दगड घातलात. तुमच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात तुमच्यावर आवाज चढवला नाही, जाऊबाई. तुम्हाला दगड होणं सोपं गेलं.

झूराकान : बोल. बोल अजून. आज तुझा दिवस आहे.

नासिपा : माझा दिवस कसला? मला रात्ररात्र झोप नाही. तुम्ही रस्त्यात दिसलात की मी मुद्दाम लांबून जाते. तुम्हाला वाटतं, मी तोरा दाखवते.

झूराकान : पण ती तुझ्याकडे का आली? माझं घर अलीकडे आहे. गाडी माझ्याच दारावरून जाते.

नासिपा : आली होती तुमच्याकडे. आधी तुमच्याकडेच आली. फाटकाशी उतरली, पोर कडेवर, हा शिर्दाक पाठीला बांधलेला. घर सोडताना दुसरं काही घेतलं नाही तिनं. म्हणाली, हा माझ्या आईचा आहे, तिथे ठेवणार नाही. तुम्ही अंगणात शेजारणीशी बोलत होता. मोठ्यानं. सांगत होता, माझी आयजमाल तालासला राणीसारखी राहते.

झूराकान : मग?

नासिपा : मग काय! राणीसारखी राहणारी पोर त्या फाटकातून आत कशी येणार? तशीच पुढे चालत आली. पूल ओलांडून. थेट माझ्या दारात.

झूराकान : मी फाटकाकडे पाठ करून बसले असेन. मी तिथे पाठ करूनच बसते, ऊन लागतं म्हणून. नासिपा, एकदा हाक मारायची होती गं तिनं.

नासिपा : तुम्हीही मारायची होती.

झूराकान : हं.

नासिपा : शिर्दाकाचं म्हणाल तर, त्यात कसर लागायला नको म्हणून बाहेर काढला मी. तेवढ्यात हा कादिर्कुल टपकला. कुणाचा म्हणून विचारलं. आयजमालचा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. तोंडातून निघून गेलं, माझा. मग मागे घेता येईना. नाव माझं लागलं म्हणून मला आनंद झाला असेल असं वाटतं तुम्हाला? लाज वाटते मला या चिठ्ठीकडे बघायची. एखाद्या मिनिटापुरता झाला असेल आनंद. खोटं कशाला बोलू!

झूराकान : राहू दे.

नासिपा : काय राहू दे?

झूराकान : चिठ्ठी. तुझंच नाव राहू दे. मी कादिर्कुलला सांगते, माझी चूक झाली, डोळे गेलेत माझे. आंदणाचा शिर्दाक परत आला म्हणजे लग्न मोडलं, हे शेंबडं पोरही सांगेल. उद्या अख्खं गाव इथे असणार. तुझ्या नावावर असला तर कुणी विचारणार नाही.

नासिपा : आणि ती?

झूराकान : ती आहे ना तुझ्याकडे. बरी आहे ना.

नासिपा : मागच्या खोलीत, पडदे लावून. पोर रडली की मी कोकरू म्हणते. असा हिवाळा काढायचा? आणि पुढचा उन्हाळा? जाऊबाई, तुम्हाला आयुष्यात एकच हौस होती. कुणीतरी चारचौघांत म्हणावं, ही कापणी झूराकानची. आत्ता शिडी मागत होता त्यासाठी. आणि आता तीही सोडून द्याल, पण पोर परत आली म्हणणार नाही?

झूराकान : लोकांना भीत नाही मी.

नासिपा : मग?

झूराकान : मी हाक मारीन, नासिपा. आणि ती येणार नाही. तुझ्या दारात उभी राहून मी हाक मारतेय, आणि ती पडद्यामागे बसून राहिलीय, हे येतं डोळ्यांसमोर. तिला मारणाऱ्याच्या घरी मीच परत ढकललं. मला आई म्हणेल ती?

नासिपा : ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. रागावलीय ती. पण शिर्दाक पाठीवर बांधून आणला तिनं. पोर कडेवर असताना. वाटेतल्या पावसात ओला झाला होता, केवढा जड!

कादिर्कुल : चहा! मी काही ऐकलं नाही हं.

झूराकान : सगळं ऐकलंस. दाराला कान लावून उभा होतास, चहा गार झालाय. पेन आहे?

कादिर्कुल : आहे की. कसलं पेन?

झूराकान : चिठ्ठी बदल. लिही. कापणी, झूराकान. शिलाई, नासिपा. टाके जरा ढिले आहेत, ते लिहू नकोस.

नासिपा : ढिले? तीस वर्षं टिकलेत ढिले टाके!

झूराकान : आणि ते स्वयंशिक्षित खोड. आमच्या सासूनं शिकवलंय आम्हाला. तिचं नाव बुरुलचा, ते लिही त्या जागी.

कादिर्कुल : पण वहिनी, त्या बाईंनी सांगितलंय की स्वयंशिक्षितच...

झूराकान : मग साग्यनबायच्या घोडीखाली दोनदा लिही. तिला गरज आहे.

कादिर्कुल : बरं. झूराकान... नासिपा... बुरुलचा. आणि वहिनी, रागवू नका, पण उद्या लोक विचारणारच. तालासला गेलेला शिर्दाक परत कसा आला म्हणून. मी काय सांगू?

झूराकान : सांग, मुलगी घरी आली. तिनं आणला.

कादिर्कुल : एवढंच?

झूराकान : एवढंच. नासिपा, माझी शाल दे. ऊठ, चल.

नासिपा : नदीच्या वाटेनं जाऊ या? जवळ पडेल. बाजारातून गेलो तर जो तो थांबवेल, कुठे निघालात म्हणून.

झूराकान : बाजारातूनच चल. दोघातिघांना सांगत सांगत जाते, म्हणजे तिच्यासमोर जीभ अडखळायची नाही.